सदाशिव पेठ ते चांदणी चौक

मासिकांतून जीं प्रवासवर्णनें येतात तीं बहुधा काशीचीं, केदारनाथाचीं, किंवा अलीकडे सिंगापूर-स्वित्झर्लंडचीं असतात. आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तो प्रवास अवघा आठ किलोमीटरांचा आहे. सदाशिव पेठेंतील आमच्या घरापासून निघावयाचें, लक्ष्मी रस्त्यानें अलका चौकास यावयाचें, लकडी पुलावरून नदी ओलांडावयाची, आणि कर्वे रस्ता व पौड रस्ता धरून चांदणी चौकाच्या अलीकडील एका रुग्णालयापर्यंत पोंचावयाचें, एवढाच तो मार्ग. परंतु तो आम्हांस आठवड्यांतून तीन वेळां जाऊन येऊन करावा लागतो, आणि ज्यांनीं तो सायंकाळीं सहाच्या सुमारास एकदां तरी केला असेल, त्यांस आम्ही यास प्रवास कां म्हणतों हें निराळें सांगावयास नको.

या प्रवासाचें कारण असें. आमचे वडील बंधू, ज्यांस घरांत लहानथोर सर्व दादा म्हणतात, यांस गेल्या दीड वर्षापासून दर मंगळवारीं, गुरुवारीं व शनिवारीं डायालिसिस घ्यावें लागतें. दुपारीं एक वाजतां यंत्रास जोडावयाचें तें पांच वाजतां सोडावयाचें. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात हें खरें. पण दुपारीं बारा वाजतां घरीं असणारीं माणसें म्हणजे आम्ही वृद्ध मंडळीच. मुलगा हिंजवडीस, पुतण्या खराडीस, सूनबाई बँकेंत. मोबाइलवर बोलावलेली गाडी आमच्या बोळाचें तोंड पाहूनच परत फिरते, आणि रिक्षांत बसविलें तर उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्यावर दादांच्या तोंडून रामनाम निघतें. तेव्हां सारथ्य सहजच आमच्याकडे आलें.

आमची जुनी गाडी 2010 सालची, डाव्या पायानें क्लच दाबून डाव्या हातानें गिअर बदलण्याची. तीस वर्षें आम्हीं अशाच गाड्या चालविल्या आणि त्यांत कधीं कांहीं अडचण आहे असें वाटलें नाहीं. परंतु आतां डाव्या गुडघ्यानें असहकार पुकारला आहे. दादांना कोणतीहि गोष्ट मोजण्याची फार हौस. एके दिवशीं जातांना त्यांनीं आमच्या नकळत खिशांतील जपमाळ काढली आणि आम्हीं क्लच दाबला कीं एक मणी ओढावयाचा, असा उद्योग चालविला. रुग्णालयाच्या दारीं एक माळ पुरी होऊन दुसरीचे 31 मणी झाले होते. "एकशें एकोणचाळीस. एवढा नाम घेतला असतास तर गुडघा तरी बरा झाला असता," असें ते म्हणाले. आम्ही हंसलों, पण त्या रात्रीं गुडघा शेकतांना तो आंकडा डोळ्यांपुढून जाईना.

डॉक्टरांनीं क्लचची गाडी बंद करावयास सांगितलें. चिरंजीवांनीं त्याचा अर्थ गाडीच बंद असा केला. "बाबा, आतां किल्ली ठेवा. आपण ड्रायव्हर ठेवूं." ड्रायव्हर ठेवण्यांत कांहीं कमीपणा नाहीं, आणि त्याचा पगारहि तीन कमावत्या माणसांना जड नव्हता. पण दादांचा आग्रह वेगळा पडला. सुई काढल्यानंतर त्यांना घेरी येते, कधीं उलटी होते. अशा वेळीं परक्या माणसासमोर बसावयास त्यांस संकोच वाटतो. "तूं नेतोस तोंवर जाईन," एवढेंच ते म्हणाले. ज्यास आठवड्यांतून तीन वेळां जाणें चुकवून चालत नाहीं, त्याच्या तोंडीं हें वाक्य ऐकून घरांत कोणी पुढें बोललें नाहीं. तेव्हां सूनबाईनें सुचविलें कीं, क्लच नसलेली लहान गाडी पाहावी. आणि नुसती दुकानांत बघून येऊं नये, तर आपल्याच रस्त्यावर आणि आपल्याच वेळीं चालवून पाहावी.

ज्यांच्या घरीं हा विचार चालूं आहे त्यांच्या उपयोगासाठीं या गाड्यांचे प्रकार थोडक्यांत सांगतों. स्वयंचलित गिअरची कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं अमेरिकेंत ओल्ड्समोबील गाड्यांतून हायड्रा-मॅटिक नांवाची अशी योजना विकावयास आली होती. तींत इंजिनाची शक्ति तेलाच्या द्वारें पुढें जाते. मोठ्या गाड्यांतून तिचेच वंशज आजहि आढळतात. दुसरा प्रकार पट्ट्याचा. दोन कप्प्या, त्यांच्या बाजू जवळ-दूर होणाऱ्या, आणि त्यांवरून फिरणारा एक पट्टा. बाजू जसजशा सरकतील तसतसा पट्टा वर चढतो किंवा खालीं उतरतो, आणि पहिला, दुसरा, तिसरा असे गिअरच उरत नाहींत. जिन्याऐवजीं उतरण, असें म्हणा. हॉलंडांतील डाफ कारखान्यानें 1958 सालीं एका लहानशा गाडीस ही योजना बसविली. हिला सीव्हीटी म्हणतात.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत अधिक पसरला. त्यास एएमटी म्हणतात. यांत गिअरची पेटी आपली जुनीच, क्लचहि जुनाच. फरक इतकाच कीं तो दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम संगणकाच्या हुकुमानें एक यंत्र करतें. गाडींत बसलेला अदृश्य डावा पायच तो. 2014 सालीं मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर ही योजना आपल्या देशांत आली आणि दहा वर्षांच्या आंत लहान गाड्यांत ती सर्रास झाली. साध्या गाडीहून किंमत पन्नास हजारांच्या आसपास अधिक पडते. पट्ट्याच्या गाडीस याहून पुष्कळ अधिक मोजावे लागतात. चौथा प्रकार विजेच्या गाड्यांचा. तेथें गिअर बदलण्याचा प्रश्नच येत नाहीं. लहान गाडी म्हणजे कोणती, याची व्याख्या सरकारनें करासाठीं केलेली आहे: लांबी चार मीटरांपर्यंत आणि पेट्रोलचें इंजिन 1200 घन सेंटिमीटरांपर्यंत. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवरील कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळें आमच्यासारखीं कुंपणावर बसलेलीं पुष्कळ माणसें दुकानांत उतरलेलीं आम्हांस दिसलीं.

पहिल्या दुकानांतील विक्रेता तरुण फार गोड बोलणारा होता. आमचा परवाना त्यानें पाहिला, त्याचें छायाचित्र घेतलें, आणि म्हणाला, "काका, आपण हायवेच्या सर्व्हिस रोडनें एक छान चक्कर मारूं. रस्ता मोकळा असतो, गाडीचा पिकअप कळेल." आम्हीं सांगितलें कीं, पिकअप जाणून घेण्याचें आमचें वय राहिलें नाहीं, आम्हांस लक्ष्मी रस्ता दाखवा. तो गोंधळला. मोकळ्या रस्त्यावर कोणतीहि नवी गाडी चांगलीच चालते. तिच्या अंगचे गुण-दोष गर्दींत कळतात, जसे माणसाचे एकत्र कुटुंबांत कळतात. शेवटीं सूनबाईनें रदबदली केली आणि शुक्रवारीं सायंकाळीं साडेपांच वाजतां, तो शेजारच्या आसनावर व सूनबाई मागें अशा थाटानें, आम्ही बाजीराव रस्त्याला लागलों.

आरंभीं मोठी मौज वाटली. ब्रेकवरील पाय उचलला कीं गाडी मुंगीच्या पावलानें आपोआप पुढें सरकते. शनिपाराजवळच्या गर्दींत आम्ही केवळ एक पाय उचलीत व ठेवीत पुढें जात होतों. डाव्या हातास काम नसल्यामुळें तो उगीच गिअरच्या दांड्यावर जाऊन बसे. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर इतकीं वर्षें आम्ही या क्रियेचे कर्ते होतों, ते आतां नुसते अधिकरण झालों. विश्रामबाग वाडा आला. 1821 सालीं याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली, म्हणून येथून जातांना आम्ही मान थोडी लववितों, जुनी संवय. तेवढ्यांत पुढची बस थांबली. उजव्या पायानें ब्रेक दाबला तो योग्यच दाबला; पण त्याच क्षणीं आमचा डावा पाय, ज्यास कोणीं बोलाविलें नव्हतें, तीस वर्षांच्या शिस्तीनें क्लच म्हणून जो पूर्ण जोरानें खालीं गेला, तो ब्रेकवरच. या गाड्यांत ब्रेकची पट्टी रुंद असते. डाव्या पायास ती सहज सांपडते.

गाडी जागच्या जागीं रुतली. सूनबाईचें डोकें आमच्या आसनाच्या पाठीवर आपटलें. मागून जेवणाचे डबे पोंचविणारा एक तरुण दुचाकीवरून येत होता, तो येऊन धडकला आणि कलंडला. देवाची कृपा म्हणून त्यास खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. तो उठला, डब्याची पिशवी उघडून पाहिली, आणि आमचे पांढरे केस पाहून त्यानें तोंडांत आलेला शब्द गिळला. "आजोबा, एवढा कशाला दाबला हो ब्रेक!" एवढेंच तो म्हणाला. त्यास उत्तर काय द्यावें? आम्हीं क्षमा मागितली, त्याची सांडलेली आमटी भरून दिली, आणि पुढें गाडी विक्रेत्या तरुणाच्या स्वाधीन केली. घरीं येईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पडला तो तरुण आमच्या नातवाहून चार-पांच वर्षांनींच मोठा असेल. चिरंजीव म्हणत होते तेंच खरें असेल काय? कायद्यानें पंचावन्न वर्षांपुढील मनुष्यास वाहनाचा परवाना एका वेळीं पांचच वर्षांचा मिळतो, आणि त्यासाठीं वैद्यकीय दाखला लागतो; तो दाखला डोळ्यांचा, कानांचा, हातापायांचा असतो; संवयीचा नसतो. शाळेंत असतांना आम्हीं किती मुलांना सांगितलें असेल कीं, घोटून घोटून पक्कें केलेलें कधीं विसरत नाहीं! तेंच आतां आमच्यावर उलटलें होतें.

सूनबाईनें घरांत हा प्रकार कोणास सांगितला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाचा पेला ठेवतांना ती हळूच म्हणाली, "बाबा, मीसुद्धां पहिल्या दिवशीं हेंच केलें होतें. बँकेंतल्या मैत्रिणीच्या गाडींत. तुम्ही शिकवणी लावा." मग तिनें एक अट घातली, आणि ती तिनेंच घातली याचा आम्हांस आजहि अभिमान वाटतो. पंधरा दिवस शिकावयाचें; अखेरच्या आठवड्यांत डावा पाय एकदां जरी ब्रेककडे गेला तरी किल्ली तिच्याकडे, आणि मग ड्रायव्हर. आम्हीं मान्य केलें.

तेव्हां वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्हीं मोटार शिकविणाऱ्या एका शाळेंत नांव घातलें. शिकविणारा गृहस्थ आमच्या निम्म्या वयाचा; तो आम्हांस सर म्हणे आणि आम्ही त्यास सर म्हणत असूं. सकाळीं सहा वाजतां सारसबागेपासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत आणि तेथून परत, असे फेरे चालत. पहिल्या दिवशीं आमचा पाय चार वेळां चुकला. गृहस्थ रागावला नाहीं. त्यानें डावा पाय मागें, आसनाच्या बाजूस घेऊन टांच जमिनीस टेकवावयास सांगितलें आणि तेथेंच ठेवावयास लावलें. घरीं आल्यावर सूनबाईनें त्यांत भर घातली. "डाव्या पायांतली चप्पल काढूनच बसत जा, म्हणजे आज आपणांस सुट्टी आहे हें त्या पायाला कळेल." हा उपाय ऐकावयास विनोदी वाटतो, पण उघड्या तळव्यास खालची सतरंजी लागली कीं पायाची आठवण राहते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. सहाव्या दिवशीं पाय एकदां चुकला. आठव्या दिवशीं एकाएकीं कुत्रें आडवें आलें तेव्हां तो हलला, पण उठला नाहीं. शेवटच्या सात दिवसांत तो स्वस्थ राहिला. या वयांत ज्यांस साध्या गाडीवरून या गाडीवर यावयाचें आहे त्यांनीं दुकानांतील पंधरा मिनिटांच्या फेरीवर विसंबूं नये. ती फेरी गाडीची परीक्षा असते, चालविणाऱ्याची नव्हे.

यानंतर पुन्हा गाड्यांकडे वळलों. दुसरी गाडीहि एएमटीच होती, निराळ्या दुकानांतील. या वेळीं विक्रेत्यास विनंति केली कीं, गुरुवारीं सायंकाळीं पांच वाजतां गाडी रुग्णालयाच्या दारींच आणावी. दादा यंत्रावरून सुटून बाहेर आले, चेहरा नेहमीप्रमाणें पांढरा. त्यांस पुढें बसवून विक्रेता मागें बसला. प्रथम आम्ही मुद्दाम उलट्या दिशेस, चांदणी चौकाकडे चढणीवर गेलों. हा चौक ज्यांनीं पांच-सात वर्षांपूर्वीं पाहिला असेल त्यांस तो आतां ओळखूं येणार नाहीं. तेथील जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्यें सुरुंग लावून पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्यें नवे पूल व वळणें वाहतुकीस खुलीं झालीं. पण पौड रस्त्याची चढण तीच आहे, आणि एएमटीची खरी परीक्षा चढणीवर थांबून पुन्हा निघतांनाच होते. ब्रेक सोडून उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत, यंत्राचा क्लच पुरता धरला जाण्यापूर्वीं, गाडी हातभर मागें येते. पुष्कळ गाड्यांत आतां अशी सोय असते कीं, पाय काढल्यावरहि ब्रेक दोनएक सेकंद धरून राहतो; गाडी घेतांना ती आहे कीं नाहीं हें आधीं विचारावें. नसेल तर हातब्रेक ओढून निघावें. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून चढणीवर गाडी तरंगत ठेवण्याची पुष्कळांस खोड असते, ती मात्र येथें घातक; त्यानें आंतील क्लच तापून झिजतो.

वळून आम्ही घराच्या दिशेस निघालों. नळ स्टॉपास खालीं रस्ता, मध्यें उड्डाणपूल आणि वर मेट्रो असे तीन मजले झाले आहेत; आम्ही अर्थातच सर्वांत तळच्या मजल्यावर अडकलों. गाडी निघे, पहिल्यांतून दुसऱ्यांत जाई, तेवढ्यांत थांबे. प्रत्येक बदलास अर्धा क्षण जोर तुटतो आणि मग परत येतो. त्या वेळीं आंतील माणसांच्या माना एकदम पुढें लवून मागें येतात, जणुं सर्वांचें कांहीं एकमत झालें आहे. गिअर बदलण्याच्या सुमारास अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय किंचित् सैल केला तर हा हिसका पुष्कळ कमी होतो. ही युक्ति आम्हांस शिकवणींतच मिळाली होती आणि निरोगी माणसास तेवढी पुरे. परंतु चार तास रक्त बाहेर काढून पुन्हा आंत घातलेल्या माणसाची गोष्ट निराळी. गरवारे महाविद्यालयाच्या पुढें दादांनीं हात वर केला. आम्हीं गाडी कडेस घेतली. त्यांना उलटी झाली. विक्रेता तरुण चटकन उतरला, त्यानें पाण्याची बाटली पुढें केली, आणि गाडीविषयीं त्यानंतर एक अक्षरहि तो बोलला नाहीं. त्या मुलाचें आम्हांस फार कौतुक वाटलें. गाडीहि वाईट नव्हती. ती आमच्या प्रवासाची नव्हती, इतकेंच.

विजेच्या गाडीबद्दल फार लिहीत नाहीं. शांतपणांत तिच्याशीं कोणी बरोबरी करूं शकणार नाहीं. पाय सैल केला कीं आपोआप वेग कमी होतो, आणि तेवढी वीजहि परत मिळते. एमजी कॉमेट म्हणून एक आहे, तिची लांबी 2974 मिलीमीटर, म्हणजे पुरती तीन मीटरहि नाहीं. आमच्या बोळांत ती लेकराप्रमाणें वळली. पण तिला दारें दोनच. मागें बसावयाचें तर पुढचें आसन वांकवून चढावें लागतें, आणि आमच्या मंडळींनीं तो प्रयोग एकदां करून दोन्ही हात जोडले. शिवाय वाडा पाडून उभारलेल्या आमच्या इमारतींत तळमजल्यावर गाड्या एकामागें एक लागतात; तेथें विजेची जोडणी कोणाच्या जागेंतून न्यावी यावर सोसायटीच्या दोन सभा झाल्या, आणि तिसरी होण्यापूर्वींच आम्हीं तो नाद सोडला.

राहिली पट्ट्याची. आम्ही ज्या वेळीं बाहेर पडलों ती शनिवारची दुपार होती, बारा वाजतांची, आणि लक्ष्मी रस्त्यावर लग्नसराईची गर्दी. पुणें महानगरपालिकेनें 11 डिसेंबर 2021 रोजीं हा रस्ता एक दिवस पायीं चालणारांसाठीं मोकळा ठेवला होता. त्या दिवशीं दादा तेथें रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींचे सज्जे पाहत होते, तें आम्हांस आठवलें. या दुपारीं सज्जे कोठले, पुढच्या टेम्पोच्या पाठीपलीकडे कांहीं दिसत नव्हतें. परंतु गाडी सरकत होती तशी होडी सरकावी. निघतांना हिसका नाहीं, थांबतांना नाहीं. एकदम पुढें काढावयाचें म्हटलें तर इंजिन आधीं मोठ्यानें ओरडतें आणि वेग मागून येतो. हा दोष खरा, पण आम्हांस एकदम पुढें कोठें जावयाचें होतें?

अलका चौकांत सिग्नलला चार आवर्तनें गेलीं. लकडी पुलावर आलों तेव्हां वरून मेट्रो आडवी गेली. पेशवाईंत येथें लांकडी पूल होता म्हणून हें नांव. पुढें दगडी झाला, 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरांत त्याची फार हानि झाली, आणि तरी नांव लकडीच राहिलें. दादांनीं तो पूर पाहिला आहे, आणि पुलावर आल्यावर पाणी कोठवर चढलें होतें तें ते प्रत्येक वेळीं दाखवितात. आजहि त्यांनीं दाखविलें. मुख्य परीक्षा परतीची होती, ती सायंकाळीं झाली. नळ स्टॉप गेला, गरवारे गेलें. आम्हीं दोनदां विचारलें, "दादा, थांबूं काय?" त्यांनीं मान हलविली. टिळक रस्त्यास लागेपर्यंत त्यांचा हात वर गेला नाहीं.

नवी पट्ट्याची गाडी आमच्या ठरविलेल्या रकमेंत बसेना, म्हणून तीन वर्षें वापरलेली एक पाहिली. पट्ट्याच्या पेटीचें तेल वेळच्या वेळीं बदललें होतें कीं नाहीं याची नोंद मागून घेतली, आपल्या ओळखीच्या मेस्त्रीस ती दाखविली, चढणीवर नेली, आणि मगच घेतली. चिरंजीवांनीं पैशांतला मोठा वांटा उचलला. विश्रामबागेजवळची गोष्ट तोंपर्यंत आम्हीं स्वतःच त्यांस सांगितली होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले कीं, पहिला महिनाभर ते स्वतः शनिवारीं मागें बसतील. आम्हीं बसूं दिलें.

पहिला मंगळवार उजाडला. आम्हीं डाव्या पायांतील चप्पल काढून आसनाखालीं सरकविली. दादा पुढें बसले, पट्टा लावला, आणि खिशांतून जपमाळ काढून मांडीवर ठेवली. "आज काय मोजतां?" आम्हीं विचारलें. "बघूं, कांहीं सांपडतें का," ते म्हणाले. दुपार गेली, सुई निघाली, सायंकाळीं सहा वाजतां नेहमीच्याच गर्दींत आम्ही परत निघालों. नळ स्टॉपास वीस मिनिटें गेलीं असतील. लकडी पुलावर आलों तेव्हां पुराची खूण दाखविण्यासाठीं हात उठेल म्हणून आम्हीं शेजारीं पाहिलें. दादा झोंपले होते, आणि माळ मांडीवरून घसरून खालीं पडली होती.